किल्ल्याच्या पानात रुजलेली नाचणी

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. साधंसुधं नव्हे. माझं मधलं पान उघडलं की त्यातून सात मनोऱ्यांचा निळा किल्ला उभा राहतो. म्हणजे राहायचा. आता जेमतेम एक मनोरा उठतो आणि तोही मान वाकडी करून. माझ्या कडा फुगल्या आहेत, अंगावर मातकट डाग आहेत आणि पानापानांत केसासारखे बारीक पांढरे धागे अडकलेले आहेत. तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत तर नाकच मुरडाल. ते धागे म्हणजे नाचणीची मुळं. पुस्तकात नाचणी कशी रुजली, ते सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका छापखान्यात झाला. तिकडे एक मोठं थीम पार्क होतं. आकाशपाळणे, पाण्यात धपकन पडणाऱ्या होड्या आणि मधोमध तो निळा किल्ला. एका कार्टून सिनेमातला गुबगुबीत पाणघोडा म्हणे त्या किल्ल्यात राहायचा. सिनेमा बघितलेली पोरं आईबापांना हाताला धरून ओढत तिथे आणायची. किल्ल्याच्या दाराशीच दुकान होतं. त्यात पाणघोड्याच्या टोप्या, पाणघोड्याची बिस्किटं, निळे बुढ्ढी के बाल आणि एका फळीवर ओळीने उभी आम्ही पुस्तकं. माझी सुरुवातीची पानं किल्ल्याची सफर घडवतात. शेवटच्या पानांत तिथल्या खाऊच्या कृती आहेत. मनोऱ्यांची बिस्किटं, रंगीत पॉपकॉर्न आणि अगदी शेवटी किल्ल्याचा केक. पोरं किल्ला बघून ओरडायची आणि केक बघून ओठांवरून जीभ फिरवायची. आम्हाला दोन्ही आवडायचं.

त्या पार्कात लवू नावाचा रंगारी होता. आपल्या कोकणातल्या वालावल गावचा. दोरीला लोंबकळत तो खऱ्या किल्ल्याचे मनोरे रंगवायचा. ऊन आणि खारा वारा वर्षभरात रंग खाऊन टाकायचे आणि लवू पुन्हा डबा घेऊन वर चढायचा. पुढे पार्कवाल्यांनी तिथे नवा पाळणा बसवायचं ठरवलं. किल्ला पाडला. दुकान बंद झालं, माझी भावंडं रद्दीत गेली. लवूने मात्र गावी परतताना मला आणि बिस्किटांचा एक डबा पिशवीत घातला, मालवणात राहणाऱ्या भाचीसाठी, तन्वीसाठी.

तन्वीने किल्ला उघडला आणि सातही मनोरे बोटाने मोजले. लवूमामाने खिशातलं पेन काढून तिसऱ्या मनोऱ्यावर एक इवलासा माणूस काढला, दोरीला लटकलेला, हातात ब्रश. "ह्यो मी," तो म्हणाला. "खरो किल्लो आता नाय गो. ह्योच काय तो उरलो."

त्या दिवसापासून तन्वीने मला जिवापाड जपलं. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली, रिकामा डबा शिवणकामाला गेला, पण मी आईच्या जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलाच असायचो. हात धुतल्याशिवाय कुणी मला शिवायचं नाही. किल्ला फक्त रविवारी उघडायचा आणि दोन मिनिटांत मिटायचा, कारण तन्वीच्या मते जास्त वेळ उभं राहून तो थकायचा. मित्रांनो, असं जपणारं माणूस लाभायला नशीब लागतं.

तन्वीची जिवाभावाची मैत्रीण ग्लेनिशा. गल्लीच्या टोकाला तिचं घर. तिची आई मेल्विना ओरोसला सरकारी कचेरीत नोकरीला, सकाळच्या एसटीने जायची आणि दिवेलागणीला परतायची. त्यामुळे ग्लेनिशा वाढली ती आजी-आजोबांच्या हाताखाली. आजी इमेल्डा म्हणजे नाताळच्या फराळाची राणी. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, रव्या-खोबऱ्याचा केक, सगळं तिच्या हातचं. आजोबा ह्युबर्टना परसातल्या झाडापेडाचं वेड. पडवीत दोघी मैत्रिणी अभ्यासाला बसायच्या आणि अभ्यासापेक्षा कुलकुल जास्त संपायचे.

तन्वीचा वाढदिवस जानेवारीत, तीन राजांच्या फेस्ताच्या, म्हणजे सहा तारखेच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी. त्या वर्षी तिने हट्टच धरला होता की केक हवा तर माझ्या शेवटच्या पानावरचाच. नाताळच्या सुट्टीत ती आईबरोबर वाढदिवसापर्यंत वालावलला मामाकडे राहायला निघाली, तेव्हा मला साडीच्या तुकड्यासकट इमेल्डा आजीच्या हातात देऊन गेली.

"आजी, असोच केक करशात? अगदी असो?"

"करतंय गो बाय. चित्र बघान करतंय."

"पण शेवटचांच पान बघा हां. किल्लो उघडू नका."

"नाय उघडूचंय. ह्यां बघ, काचेच्या कपाटात ठेवलंय," म्हणत इमेल्डाने मला चिनीमातीच्या बशांशेजारी ठेवलं. तन्वीने जाताजाता कपाटाची कडी लागली का तेही बघितलं.

आता तुम्हाला गोठ्याबद्दल सांगायला हवं. नाताळात ग्लेनिशाच्या वाडीतल्या घराघरांत येशूजन्माचा गोठा मांडतात. गवताचं छप्पर, मातीची गुरं, बाळ येशूचा पाळणा. एका टोकाला दुष्ट हेरोद राजाचा राजवाडा आणि दुसऱ्या टोकाहून बाळाला भेटायला उंटांवरून येणारे तीन राजे. कुरणासाठी आधीच ओल्या गोणपाटावर नाचणी पेरायची. नाताळापर्यंत ती अशी हिरवीगार, दाट उगवते की मातीची मेंढरं तिच्यात पोटापर्यंत बुडतात. चर्चची तरुण मंडळी घरोघर फिरून गोठे बघतात आणि बक्षिसं देतात. आदल्या वर्षी ग्लेनिशाने चपलांच्या खोक्याचा राजवाडा केला होता. बघायला आलेल्यांपैकी एकजण सहज बोलून गेला, "ह्यो हेरोदाचो राजवाडो काय चपलांचां दुकान?" सगळे हसले. ग्लेनिशाही हसली. मग परसात जाऊन माडाच्या बुंध्याला लाथा घालत बसली.

त्यामुळे या वर्षी कपाटासमोरून जाताना तिचा पाय अडखळू लागला. पहिल्या दिवशी तिने नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवशी कडी काढून लावली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या हातात होतो आणि सातही मनोरे ताठ उभे होते.

इमेल्डाचे हात तेव्हा नेवऱ्यांच्या पिठात होते. तिने मान वर केली. "गो, तन्वीक इचारलंस?"

फोन तिथेच टेबलावर होता. तन्वीच्या आईचा नंबर त्यात होता. पण विचारलं आणि ती नाही म्हणाली तर?

"होय," ग्लेनिशा म्हणाली.

एवढंच. मी तो शब्द जवळून ऐकला, कारण तिने मला छातीशी धरलं होतं. इमेल्डाने पुन्हा पिठात हात घातले. नात म्हणाली होय, म्हणजे होयच, या घरात दुसरी रीत नव्हती.

तसं ग्लेनिशाने जपलंही. नाचणीच्या गोणपाटावर आधी केळीचं पान अंथरलं, त्यावर मला उघडं ठेवलं. कडा दिसू नयेत म्हणून भोवती गवत आणि ओली माती लावली. मागे निळे दिवे सोडले. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, बक्षीस झालं की लगेच काढायचं, असं ती स्वतःशी पुटपुटत होती. खोटं कशाला बोलू, मी देखणा दिसत होतो. बघायला आलेली मंडळी दारातच थबकली. "राजवाडो म्हणजे असो!" म्हणाली. पहिलं बक्षीस मिळालं, भिंतीवरचं एक घड्याळ. ह्युबर्ट आजोबांनी ते हौसेने बाहेरच्या खोलीत टांगलं. येईल त्याला ते नातीचं कौतुक सांगू लागले, "आमच्या चेडवान मिळवल्यान."

दुसऱ्या दिवशी ग्लेनिशाने मला उचलायला हात पुढे केला, तर इमेल्डा कडाडली. "हात लावा नको! तीन राजे पोचल्याबिगर गोठो मोडतत काय?"

हे ग्लेनिशाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. तीन राजांच्या फेस्तापर्यंत गोठा हलवायचा नाही, हा त्या घरचा पिढ्यान् पिढ्यांचा नेम. उलट रोज सकाळी ते तीन मातीचे राजे थोडे थोडे पुढे सरकवायचे, हे काम लहानपणापासून तिचंच. आणि रोज सकाळी ह्युबर्ट आजोबा तांब्या घेऊन यायचे आणि ओंजळीने नाचणीवर पाणी शिंपडायचे, हे काम त्यांचं.

पाणी केळीच्या पानावरून ओघळून माझ्याखाली यायचं. पान कुजलं. मग पाणी माझ्या पाठीला लागलं. काही दिवसांनी माझ्या पानांच्या फटींत काहीतरी हुळहुळू लागलं. बारीक, पांढरं, ओल शोधत येणारं. मला ओरडता आलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी राजे सरकवताना ग्लेनिशाला माझी फुगलेली कड दिसली. "आजो, थंय पाणी कमी मारा," ती म्हणाली.

"कमी? अगो, थंयच तर पिवळी पडता हा. नाचणी वाळली तर गोठ्याची शोभा खंय रवली?" म्हणत भाबड्या आजोबांनी तिथे आणखी एक ओंजळ मारली.

मित्रांनो, तेव्हा ती बोलली असती तर मी बऱ्यापैकी वाचलो असतो. पण बोलायचं काय? पुस्तक काढूया म्हटलं की आजी विचारणार, आता कशाला, तन्वी होय म्हणाली ना? तिच्या त्या एका होयने तिचेच हात बांधून टाकले होते. ती गोठ्यासमोर कमी येऊ लागली. आली की राजांना घाईघाईत पुढे ढकलायची आणि माझ्याकडे पाठ करायची. बाहेरच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक कानावर आली की उठून परसात जायची. कुलकुलचा डबा भरलेला तसाच राहू लागला. मला तिचा राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, तिची कीवच यायची.

फेस्ताच्या दिवशी राजे पाळण्यापाशी पोचले आणि जेवणं झाल्यावर आजोबांनी गोठा आवरायला घेतला. गवत काढलं, गुरं पेटीत ठेवली आणि मला उचलायला गेले. मी उठेना. जोर लावला तसा टर्रकन आवाज झाला आणि गोणपाटाचा एक तुकडा माझ्याबरोबर वर आला. मुळांनी आम्हा दोघांना शिवून टाकलं होतं. मनोरे एकेक करून लोळले.

आजोबा तसेच जमिनीवर बसले. इमेल्डा धावत आली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"माझ्या हातान झालां," ह्युबर्ट म्हणाले. "पाणी मी मारलंय. पुस्तकाखाली काय आसा तां बघूक नाय. त्या पोरान इस्वासान दिलेलां."

ग्लेनिशा दाराला टेकून उभी होती.

उरलेला सगळा दिवस आजोबांनी माझ्यापाशी काढला. मला परसाच्या दगडी गडग्यावर उन्हात पसरलं, पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घातले, एकेक मूळ चिमटीत धरून काढायला बघितलं. पण मुळाबरोबर कागद यायचा. शेवटी त्यांनी हात आवरता घेतला. समोर ठेवलेली पेजेची वाटी गार होऊन गेली. इमेल्डाने केक केला, शेवटचं पान लगदा झालेलं, तरी आठवून आठवून सातही मनोरे उभे केले. मेल्विना कचेरीतून आली, तिने बघितलं आणि पानांतले ओले वर्तमानपत्राचे तुकडे बदलायला बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तन्वीकडे निघालो. इमेल्डाच्या हातात केक. ह्युबर्टनी चर्चला घालायचा शर्ट घातला होता आणि मला दोन्ही हातांवर धरलं होतं. मागून ग्लेनिशा. दारात तोरण, फुगे. तन्वी नव्या फ्रॉकमध्ये धावत आली. मागे तिची आई सुगंधा आणि वाढदिवसासाठी वालावलहून आलेला लवूमामा.

आजोबा उंबऱ्याबाहेरच थांबले. मला ओटीवर ठेवलं आणि त्या म्हाताऱ्याने दहा वर्षांच्या पोरीपुढे हात जोडले.

"बाय, माका माफ कर. तुझ्या पुस्तकाची वाट मी लावलंय. गोठ्यात पाणी मारताना माका समाजला नाय. तू एवढ्या मोठ्या मनान ग्लेनिशाक तां गोठ्यात ठेवूक दिलंस, आणि मी..."

तन्वी त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग ग्लेनिशाकडे. "गोठ्यात? मी दिलंय?"

आजोबांचे हात अजून जोडलेलेच होते. ग्लेनिशाने ते हात बघितले. ती पुढे झाली आणि दोन्ही हातांनी ते धरून खाली ओढले.

"आजो, हात जोडा नको. मी तिका इचारूकच नाय. मी खोटां सांगितलंय. आजीकय, तुमकाय." आणि मग ती तन्वीकडे वळली, पण तिच्याकडे बघणं तिला जमलं नाही. "पाणी आजोन मारल्यान, पण तेंका ठावक नव्हतां. माका ठावक होतां."

इमेल्डाने केक हळूच खाली ठेवला. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही, नुसती नातीकडे बघत राहिली, आणि मला वाटतं ग्लेनिशाला तेच जास्त लागलं.

तन्वीने मला मांडीवर घेतलं. मधलं पान उघडलं. मी माझ्याकडून सगळा जोर लावला, मित्रांनो. एक मनोरा उठला. पण तो तिसरा नव्हता. तिसरा मनोरा चिकटून सपाट झाला होता आणि लवूमामाच्या चित्राची शाई निळ्या रंगात फुटून नुसता डाग उरला होता. तन्वीने त्या डागावरून बोट फिरवलं.

लवूमामा शेजारी येऊन बसला. वाळलेलं एक मूळ त्याने उचलून बघितलं. "थंय माझो किल्लो मशिनीन पाडलो," तो हलकेच म्हणाला. "हयसर नाचणी रुजली. बरां, मी परत चित्र काढतंय तुका."

"नको," तन्वी म्हणाली. "तो मनोरो आता नाय." मग ती ग्लेनिशाला म्हणाली, "तू माका इचारूक होया होतां. मी होय म्हटलां असतां. माझो किल्लो गोठ्यात! मी मामाक घेवन बघूक इलंय असतंय."

ग्लेनिशा तोवर रडली नव्हती. हे ऐकल्यावर ती ओटीच्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडली. एका नाहीच्या भीतीने तिने एक होय गमावला होता, आणि तो होय तिच्यासाठी केव्हापासून तयार होता.

केक कापला गेला, पोरांनी खाल्लाही. सुगंधाने ग्लेनिशाला आत बोलावून बशी हातात दिली. तिने ती धरून ठेवली, खाल्लं नाही. घरी गेल्यावर तिने खुर्चीवर चढून ते घड्याळ उतरवलं आणि स्वतःच्या हाताने चर्चमध्ये परत नेऊन दिलं. का, हे विचारणाऱ्याला तिने खरं तेच सांगितलं. भिंतीवर खिळा तेवढा राहिला. ह्युबर्ट आजोबांनी तो मुद्दाम काढला नाही.

मी पुन्हा तन्वीच्या घरी, त्याच साडीच्या तुकड्यात राहू लागलो. रविवारी किल्ला उघडायचं तिने काही महिने सोडून दिलं होतं. शाळेत दोघी एकाच बाकावर बसायच्या, पण मधे एका दप्तराएवढी जागा असायची. ती जागा कमी होत गेली, ती हळूहळू. ग्लेनिशा आता रबर घेतानाही विचारते. "घेव?" म्हणते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. तन्वी कधीकधी मुद्दाम उशिरा उत्तर देते.

पुढच्या नाताळात गोठ्यात पुन्हा चपलांच्या खोक्याचा राजवाडा होता. नीट कापलेला, चुन्याने रंगवलेला. तो मांडून झाल्यावर ग्लेनिशा एकटीच तन्वीच्या दारात आली आणि म्हणाली, "तुझां पुस्तक बघू? नेवक नाय. हयच बघतंय."

तन्वीने लगेच उत्तर दिलं नाही. मग आत गेली, मला घेऊन आली, ओटीवर बसली आणि तुकडा सोडला. पानं तिनेच उलटली. माझा तो एक वाकडा मनोरा उठला. त्याच्यावर लवूमामाने नंतर कधीतरी, तन्वीच्या सांगण्यावरून, एक नवा माणूस काढला आहे. दोरीला लटकलेला, आणि खाली नाचणीचं एक रोपटं.

मित्रांनो, तुम्ही आमची पानं दुमडू नका, जेवता जेवता आम्हाला हाताळू नका, ओलीत ठेवू नका, हे सगळं मी सांगणारच आहे. पण त्याआधी एक ऐका. दुसऱ्याची वस्तू आवडली तर ती ज्याची आहे त्याला विचारा. फार तर तो नाही म्हणेल. नाही ऐकून घर बुडत नाही. मी भिजलो, फाटलो, त्याचं मला आता एवढं वाटत नाही. मला वाईट वाटतं ते त्या रविवारच्या दुपारी, जेव्हा तन्वी मला मांडीवर घेऊन बसते आणि ग्लेनिशा शेजारी वाकून बघत असते. तन्वी आता म्हणते, "घे गो, धर." तिने माफ केलं आहे. पण ग्लेनिशा मला हात लावत नाही. ती दोन्ही हात पाठीमागे बांधून बघते.